मिरच्यांचा धूर आणि छत्तिसावी फ्रेम

बाळांनो,

इंटरनेटवर आजीच्या नावापुढे एक रडणारी बाई दिसते, ती कोण, असं तुम्ही व्हिडिओ कॉलवर विचारलंत. "ती रडत नव्हती," एवढंच सांगून मी फोन ठेवला, कारण दूध उतू जात होतं. आता सविस्तर लिहिते.

मी अमळनेरच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. झाले आणि धुळ्याच्या एका दैनिकात मुद्रितं तपासू लागले. तिथल्या फोटोग्राफरला कांजिण्या झाल्या तेव्हा कॅमेरा आठवडाभरासाठी माझ्याकडे आला. तो मी परत केला नाही. लग्नानंतर जळगावला आले. तिथे न्हाणीघर हीच माझी डार्करूम, वर्तमानपत्रांसाठीचे फोटो मी तिथेच धुवायचे. तुमचे आजोबा खांद्यावर टॉवेल टाकून दाराबाहेर उभे राहायचे आणि विचारायचे, "मंत्री धुऊन झाले का? मला ऑफिसला जायचंय."

आमच्या खानदेशात माणसांचे फोटो काढणं अवघड. लोक लाजत नाहीत, उलट कॅमेरा दिसला की काम टाकून ताठ उभे राहतात. यावलला केळीचे घड वाहणारे मजूर टिपायला गेले, तर त्यांनी घड खाली ठेवले, केस विंचरले आणि मग एकाने घडही पुसून घेतला. दुसरी अडचण जेवणाची. आधी जेवण, मग फोटो, हा घरोघरचा नियम. आणि जेवून उठेपर्यंत ऊन गेलेलं. माझ्या कितीतरी रोलांचे शेवटचे फोटो काळपट आहेत. वहीत त्यांच्यापुढे मी नीट लिहून ठेवलं आहे: "जेवणानंतर".

तुमचे बाबा पाचवीत होते त्या वर्षी पाऊस कमी झाला आणि हिवाळ्यातच विहिरी आटल्या. दिल्लीच्या एका इंग्रजी साप्ताहिकाने त्यांचे फोटो मागवले. मी एसटीने पारोळ्याला उतरून पुढच्या एका गावी गेले. विहीर केस विंचरत नाही, त्यामुळे काम झटपट झालं. पण विहिरीचे मालक जेवल्याशिवाय सोडेनात. त्यांच्या पत्नीला मी वहिनी म्हणू लागले. त्या भरितासाठी तव्यावर हिरव्या मिरच्या भाजत होत्या आणि धूर सगळा घरात कोंडला होता. त्यांच्या डोळ्यांतून धारा, माझ्याही. कॅमेऱ्यात एक फ्रेम उरली होती. ती वाया का घालवा, म्हणून मी बटण दाबलं आणि त्याच क्षणी शिंकले.

रोलबरोबर मी टाइप केलेली यादी पाठवली. शेवटची ओळ अशी: "छत्तीस. भरितासाठी मिरच्या भाजणारी स्त्री." साप्ताहिकाने विहिरी आतल्या पानांवर टाकल्या आणि वहिनींना मुखपृष्ठावर छापलं. खाली मथळा होता, "तहानलेल्या भूमीचे अश्रू". एका समीक्षकाने तर लिहिलं, की चित्र किंचित हललेलं आहे, तो छायाचित्रकाराच्या करुणेचा कंप आहे.

मी संपादकांना खुलाशाचं पत्र लिहायला घेतलं. तीन मसुदे झाले. तिसरा खरोखर चांगला होता. तो पाकिटात घातला, पत्ता लिहिला, आणि "पाठवायचे" या फायलीत ठेवला. तेवढ्यात त्या फोटोला बक्षीस जाहीर झालं. पाकीट फायलीतच राहिलं. तुमच्या फ्रिजवर "पत्रांना लगेच उत्तर द्या" अशी चिठ्ठी लावून आलेली आजी ती हीच.

गेल्या हिवाळ्यात मुंबईच्या एका कलादालनाने माझ्या फोटोंचं प्रदर्शन ठरवलं. माझं पहिलंच, आणि वय पाहता बहुधा शेवटचं. मधोमध अर्थात वहिनी. पण हल्ली फोटोतल्या माणसाची लेखी परवानगी लागते. ती नसेल तर ते चित्र लागणार नाही, आणि ते चित्र नसेल तर प्रदर्शनच नको, असं प्रदर्शन मांडणाऱ्या बाईंचं मत होतं. त्या स्वतः सही घ्यायला आल्या. तरुण, हातमागाची साडी, डोळ्यांत काजळ, स्वभाव अत्यंत गंभीर. जळगावपासून त्या गाडीत "त्या माउलीचं दुःख" या विषयावर बोलत होत्या आणि मी खिडकीतून कापूस बघत होते.

वहिनी ओसरीवर वांगी पुसत बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "या अक्का! शिंक थांबनी का आते तरी?"

बाई त्यांच्याजवळ जमिनीवर बसल्या, हात हातात घेतला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आजी, त्या दिवशी तुमच्या मनात काय चाललं होतं?"

"कोनता दिवस?"

बाईंनी मुखपृष्ठावरचा फोटो पुढे केला. वहिनींनी तो लांब धरला, जवळ धरला.

"माय व! कितली बारीक व्हती मी!"

"आणि हे अश्रू, आजी..."

"कसाना अश्रू?"

"तुम्ही रडताय ना इथे."

"मी? घरमा पाव्हनी जेवाले बठेल शे, आनि मी रडी राहिंती? खाले काय लिखेल शे?"

बाईंनी मथळा मराठीत करून सांगितला. वहिनींनी फोटो मांडीवर ठेवला. मग माझ्याकडे वळल्या.

"बठ्ठा देशनी दखं हाई?"

"हो, सगळ्या देशाने पाहिलं," मी म्हटलं.

"आनि भरीतनं नावच नही?"

मी पर्समधून ते जुनं पाकीट काढलं. घरून निघताना का कोण जाणे, बरोबर घेतलं होतं. तिसरा मसुदा तिथेच मराठी करत वाचून दाखवला. प्रदर्शन हातचं गेलं हे कळत होतं, म्हणून बाईंकडे बघत नव्हते. आणि वहिनींकडे बघायची तर हिंमतच नव्हती.

"म्हणजे मॅडम, तो करुणेचा कंप..." बाई म्हणाल्या.

"शिंक."

"एक?"

"दोन. दुसरी फोटोत आली नाही."

बाईंनी पुन्हा फोटोकडे पाहिलं. "नाही हो. नुसत्या मिरचीने इतकं पाणी? या डोळ्यांत काहीतरी खोल आहे."

वहिनी गुडघ्यावर हात देऊन उठल्या. "चाल माय. दखाडस तुले."

चुलीच्या जागी आता गॅस आहे, तवा बहुधा तोच. वहिनींनी तेल सोडलं, मूठभर मिरच्या टाकल्या, आणि खिडकी लावून घेतली. पहिल्या मिनिटाला बाई धीराने उभ्या होत्या. दुसऱ्याला काजळ गालांवरून हनुवटीपर्यंत आलं. तिसऱ्याला इतका वेळ पुस्तकी बोलणाऱ्या बाईंच्या तोंडून निघालं, "अगं आई गं!" वहिनी डोळे पुसत, शांतपणे मिरच्या परतत होत्या. कॅमेरा माझ्या गळ्यात होता. या वेळी डाव्या हाताने नाक दाबून धरलं आणि उजव्या हाताने फोटो काढला. अजिबात हललेला नाही.

जेवताना वहिनींनी फॉर्म मागून घेतला. "सही करसू. पन भरीत लिखाले पाहिजे. आनि ह्या पोरना फोटो मन्हा बाजूले लावा."

मी बाईंकडे पाहिलं. त्या भरिताचा घास घेऊन विचार करत होत्या. दुसरा घास घेतला. मग बॅगेतून आणखी एक कोरा फॉर्म काढला, कारण आता त्याही फोटोतलं माणूस झाल्या होत्या. पेन मात्र कागदावर टेकेना.

"माझं काजळ फारच..."

"मन्हं बी व्हतं," वहिनी म्हणाल्या. "मले कोनी इचारं का? कर सही, नि अक्काले भाकर वाढ."

दोन्ही फॉर्मवर भरिताच्या तेलाचे डाग आहेत. मी ते "झाले" या फायलीत लावले आहेत, तिसऱ्या मसुद्यासकट. प्रदर्शनात दोन्ही फोटो शेजारी शेजारी लागले. वहिनींच्या फोटोखाली लिहिलं होतं, "भरितासाठी मिरच्या भाजताना". बाईंच्या फोटोखालची ओळ त्यांनी स्वतः लिहिली: "खात्री करून घेताना".