गप्प राहिला तो कबूल

लेक पंपांचे नकाशे आखते. पुण्याची नोकरी तिनं पालमला घरी आणली ती माझ्यामुळं. खुब्याचं हाड मोडल्यापासून मला उठवायला-बसवायला दुसरं कुणी नाही. पडल्या जागी हगायची वेळ आली की माणसाला तक्रार करायचं तोंड राहत नाही.

मीटिंग माझ्या खाटेशेजारीच चालायची, कारण इंटरनेटचा डबा तिथंच होता. एक माणूस पुण्यात, एक बाई चेन्नईत, साहेब परदेशात. सगळ्यांपुढं एकच नकाशा. ज्याला काही खटकलं त्यानं तिथं लाल गोल करायचा. शेवटी साहेब हरकत विचारायचा. गप्प राहिला तो कबूल, असा त्यांचा रिवाज.

त्या दिवशी पंपाचं झाकण पातळ करायचं ठरणार होतं. लेक सकाळीच म्हणाली, "माय, एवढं पातळ केलं तर फुटतंय बघ. आज बोलायलाच पायजे."

तिची पाळी यायच्या आत लाइट गेली. इंटरनेटचा डबा बंद. मोबाइलवरून लावलं तर नुसतं चाक फिरायलं. ती गच्चीवर पळाली. पुण्याच्या माणसाला फोन लावला, त्यानं उचलला नाही.

मी खालून ओरडले, "लागला का गं?"

"गप गं माय!"

लाइट आली तेव्हा मीटिंग उठली होती. तिनं लगेच लिहून कळवलं. साहेबाचं उत्तर आलं, नकाशा कारखान्याकडं गेला.

पहिलीच झाकणं तपासणीत तडकली. नकाशावर नाव लेकीचं. पुण्याच्या माणसाचा आता फोन आला. "मॅडम, मीटिंगच्या यादीत तुमचं नाव दिसत होतं. आम्हाला वाटलं, तुम्ही ऐकताय."

"लाइट गेली होती!"

"तेच साहेब म्हणतात. पुढच्या महिन्यापासून पुण्यात बसा, नाहीतर..."

मी म्हणाले, "जा तू. नोकरी गेली तर खायचं काय?"

"आन तुला कोण उठवंल?"

"बाई बघू."

"कोणती बाई? तिघींना इचारलं. तुझं नाव काढलं की हात जोडायल्यात."

खरं होतं. माझं तोंड गावाला माहीत आहे.

"मला घिऊन चल मग."

"तिथं मी दिवसभर हापिसात. तू कुलपात?"

ती भिंतीकडं तोंड करून रडायला लागली. मला कूस बदलायची होती. थोडं थांबले. मग पाठ जळायला लागली, तेव्हा हाक मारलीच.