सोवळ्यातले डोळे

"तू मागे बस रे, चपलांकडे. नाव घेतला की ये नि लोकांक हसव."

आबांच्या वर्षश्राद्धाला त्यांचा मुलगा, भाई, मला असं म्हणाला. अंगणात मांडव, हार घातलेला फोटो, आबांच्या आठवणी सांगायला आलेली मोठी माणसं. मी चपलांजवळ बसलो. चपलांनी कायच तक्रार केली नाही.

आबा आमच्या पेडण्याकडचे गणपती करणारे. त्यांच्या चित्रशाळेत माझा जन्म गेला, माती मळण्यात. दुसरी शाळा मी बघितली नाही, नि या शाळेतही पायांनीच शिकलो. डोकं लावायचं काम मला कोणी सांगितलं नाही. असतं तर लावलं असतं.

आम्ही सुपं विणणारे महार. माती मळायला आम्ही चालायचो, कारण माती म्हणजे अजून देव नव्हे. मूर्ती सुकली, रंगाला बसली, की मी उंबऱ्याबाहेर. डोळे आबाच रेखायचे, न्हाऊन, उपाशीपोटी. डोळे रेखले की देव बघायला लागतो. त्याने पहिलं मलाच बघितलं तर? लोकांना काळजी. माझं थोबाड बघून मलाही पटायचं.

मग आबांचा हात कापायला लागला. गणेशचवथ तोंडावर. मूर्ती बसवायला घराघरांतून पाट आलेले, वर नारळ-विडा. आबांनी एका गणपतीचा डोळा गालापर्यंत ओढला. भाई पणजीला नोकरीत, त्याने कधी ब्रश धरलेला नाही. आबांनी दार लावून घेतलं.

"न्हाऊन ये. नि खंय बोलू नको."

काकीने, आबांच्या बायकोने, परसात बाल्दीभर पाणी ठेवलं. आबांनी माझा हात आपल्या कापऱ्या हातात धरला. "रेघ पुरी होयसर श्वास सोडू नको." तेवढं त्यांनी शिकवलं, नि जीव ओतून शिकवलं. खोटं कशाला बोलू?

सात चवथी गावाच्या देवांचे डोळे मी उघडले. त्याच सात चवथींना त्याच घरांच्या अंगणात उभा राहिलो. ओसरीवर चढायला नाही. नेवऱ्या, म्हणजे करंज्या, वरून ओंजळीत टाकायच्या. आतून गणपती बघायचा. नजर मीच दिलेली, ओळखत असणार. पण गप्प. माझ्यासारखा आबांच्याच हाताखालचा तो.

मांडवात एक हेडमास्तर बोलायला उठले. "आबांचे शेवटच्या वर्षांतले डोळे आठवा. त्यांचं सोवळं त्या नजरेत उतरलं होतं!" टाळ्या.

भाई माझ्या कानाशी आला. "तो चिखलातलो किस्सो सांग. दुसरा कायच नको."

मी उभा राहिलो. लोक आधीच हसायला लागले. सांगितला किस्सा. मी मातीच्या खड्ड्यात तोंडावर पडलो नि आबा म्हणाले, "तसोच ऱ्हव. सोंड लावतंय तुका." मांडव हसून लोळला. माझं मन मात्र त्या सोवळ्यापाशी अडकलं होतं.

"ते डोळे मी रेखले," मी म्हणालो.

अजून मोठा हशा. भाई सगळ्यांत मोठ्याने. "बघा, सुधारूचो नाय!"

तेव्हा कळलं. जन्मभर मीच स्वतःला हसण्यावारी नेलं होतं. आता माझं खरंही कोणी खरं धरत नव्हतं.

"हसू नका. आबांचा हात चालत नव्हता. दार लावून मी रेखले. सात वर्षं."

हशा बंद. काकी दारात होती. मी तिच्याकडे बघितलं. तिने पदर तोंडाला लावला नि आत गेली.

एक म्हातारा उठला. "म्हणजे आमचो देव बाटलो?"

"त्यालाच विचारा," मी म्हणालो. "सात वर्षं तुमच्याकडे बघत होता. कधी तोंड फिरवलं?"

भाईने दंड धरून मला मांडवाबाहेर काढलं. आबा फोटोतून बघत होते. जिवंत असते तरी बोलले नसते, हे मला त्या घडीला समजलं. त्यांनी मला हात दिला नि माझं तोंड बंद करून घेतलं. यापुढे कोणी आबांची आठवण विचारली तर मी दोन्ही सांगणार. एक सोडून दुसरं सांगणार नाही.

नि या चवथीचे गणपती माझ्या अंगणात होणार. भर दुपारी, रस्त्यावरून दिसतील असे. कोणी नेले नाहीत तर नको. करणार मीच, नि मी केले असं सांगणारही मीच.