बाईंनी वर्गालाच विचारलं

मुरबाडकर मंडळी, आज आमच्या हायस्कूलात गणिताच्या शिक्षकाच्या मुलाखती झाल्या. मी तिथं क्लार्क आहे. उमेदवार दोनच, शबाना मॅडम आणि संस्थेच्या अध्यक्षांचा पुतण्या.

अध्यक्षांनी मॅडमना विचारलं, "घरचे कुठल्या पक्षाचे? आमच्याकडं सरस्वतीपूजन असतं, चालंल ना?" गणिताचं अवाक्षर नाही!

आमच्या मुख्याध्यापिका बाई उठल्या. "साहेब, आधी पाठ बघू."

दोघांनीही दहावीच्या वर्गावर पाठ घेतला. मग बाईंनी वर्गालाच विचारलं, "कोण हवं रे तुम्हाला?"

पहिला हात अध्यक्षांच्याच मुलीचा. "मॅडमचं समजलं. दादाचं कायच नाय समजलं."

अध्यक्षांनी मॅडमच्या नेमणुकीवर सही केली. बाईंना आता अध्यक्षांकडून त्रास होणार, हे बाईंना स्वतःलाही ठाऊक आहे. तेव्हा त्यांच्या पाठीशी आपल्यातले किती जण उभे राहणार?