हळद लावून डॉक्टरसमोर

माझी लेक झाली तेव्हा मी माहेरी, सोनाळ्याला होते. बारसं तोंडावर आलं आणि पोरगी दूध ओकायला लागली. पाजलं की बाहेर, पाजलं की बाहेर! मी पहिलटकरीण, पार घाबरले. गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताई म्हणाल्या, "रडू नको वो. सकाळी माह्या फोनवर डॉक्टरीणबाईले दाखवू."

आता आमच्या घरचं लेकरू कुणासमोर तसंच कसं न्यायचं? डॉक्टर फोनमध्ये असली म्हणून काय झालं! आईनं पहाटेच पाणी तापवलं, हळद-बेसनाचं उटणं अंगभर चोळलं, न्हाऊ घातलं, गालाला काजळाची तीट लावली.

मी म्हटलं, "अगं, लग्नाला चाललीय का ती?"

"माही नात पहिल्यांदा डॉक्टरले दिसून राह्यली. तू चूप बस."

फोन लागला. चष्मा लावलेल्या तरुण डॉक्टरीणबाई आधी छान हसल्या, मग लेकीकडे पाहिलं आणि हसू गेलंच. "बाळ पिवळं दिसतंय. कावीळ असू शकते. आजच भरती करावं लागेल."

मी हमसून हमसून रडायला लागले, बाबा गाडी बघायला पळाले. आई मात्र पदर तोंडाशी धरून म्हणाली, "बाई, हळद लावली न मी."

"किती?"

"चांगली मूठभर."

अस्सा राग आला मला! मी आईवर तुटूनच पडले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "भांडण मागून करा. आधी बाळाला साबणानं धुवा आणि उजेडात आणा. मी थांबते."

दुसऱ्यांदा आंघोळ म्हटल्यावर पोरीनं घर डोक्यावर घेतलं. मग अंगणात त्या सांगतील तसं कातडीचा खरा रंग दिसावा म्हणून मी तिचं नाक बोटानं हलकेच दाबून सोडलं, डोळे फोनजवळ नेले. नाक गुलाबी, डोळे पांढरेशुभ्र!

"कावीळ दिसत नाही. रडतेही झकास. पाजल्यावर ढेकर काढता?"

कसला ढेकर! मी तर पाजून लगेच निजवत होते. तिथंच पाजलं, खांद्यावर घेऊन पाठ थोपटली, तर पोरीनं असा ढेकर दिला की डॉक्टरीणबाईंना फोनमधून ऐकू गेला. आम्ही सगळे पोट धरून हसलो. उद्या आरोग्य केंद्रात नेऊन एकदा वजन करा, तिथल्या डॉक्टरांना दाखवा, एवढं त्यांनी बजावलं.

पुढं एकदा माझ्या मोबाईलवर एका मुलीचा फोन आला. व्हिडिओवरच्या डॉक्टरसेवेबद्दल मत हवं होतं. चित्र नीट दिसलं का, आवाज आला का, समाधान झालं का? मी हो हो म्हणत होते. "काही सुधारणा सुचवाल?" म्हटल्याबरोबर आईनं फोन हिसकावला.

"हाव, आहे न. हळद लावू नका म्हनून लोकायले आधीच सांगत जा." आणि फोन मला परत देता देता तिनं पुन्हा कानाशी नेला. "अन् त्या बाईले सांगजा, मी नातीले धूत होती तवा त्या थांबल्या होत्या. आमच्याकडं सोयरेबी थांबत नाही इतके."