त्या दुपारी कूस कुणी बदलली?

भूत, करणी, अंगात येणं... यातल्या कशावरही माझा विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर आजही नाही. चौदा वर्षं नर्सिंगमध्ये काढली. कितीतरी माणसं डोळ्यांसमोर गेली, पण कधी साधा पडदासुद्धा उगाच हलला नाही. तरीही हे लिहितेय, कारण दीड वर्ष एकटीच मनात घेऊन फिरतेय.

शिरूरच्या बाहेर, हायवेपासून थोडं आत आमचं सेंटर आहे. ऑपरेशननंतर, लकव्यानंतर ज्यांची घरी सोय होत नाही असे पेशंट आमच्याकडे येतात. खालच्या मजल्यावर व्यायामाचा हॉल, वर दोन वॉर्ड. माझ्या वॉर्डात तेव्हा सात पेशंट होते. त्यातल्या सहा जणांना स्वतःहून हलताही येत नव्हतं. नळीनं जेवण भरवायचं, तोंड पुसायचं, आणि दर दोन तासांनी कूस बदलायची... डावी, उजवी, मग पाठ. ती चुकली की कातडी लाल होते आणि मग जखम. एकदा जखम झाली की माणूस महिनोन् महिने त्यातून उठत नाही.

हे काम मला शिकवलं आमच्याच वॉर्डात आया असलेल्या सुमनमावशींनी. त्या दौंडच्या. शिक्षण चौथी, पण हात असा की नव्या डॉक्टरांनी बघत राहावं. त्या दुपारच्या आठ महिने आधी ड्युटीवरून घरी गेल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांनाच लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी एकदाच भेटून आले होते. पुन्हा जाऊ जाऊ म्हणत राहून गेलं.

तो मंगळवार होता. जोडीची सिस्टर रजेवर, त्यामुळे मी आदल्या दिवसापासून डबल ड्युटी करत होते. वॉर्डबॉय मामा दुसऱ्या वॉर्डातल्या एका पेशंटला घेऊन स्कॅनसाठी पुण्याला गेले होते. बारा वाजता सगळ्यांना डाव्या कुशीवर केलं, नळीनं जेवण भरवलं. पावणेदोनला धुतलेल्या चादरी आणायला कपड्यांच्या खोलीत गेले. स्टुलावर बसले. म्हटलं, दोन मिनिटं...

जाग आली तेव्हा साडेचार वाजले होते.

दोनची कूस चुकली, चारचीही चुकली! धावतच वॉर्डात गेले आणि दारातच थांबले.

सहाही जण पाठीवर होते. म्हणजे दोनला उजवी, चारला पाठ, जसं व्हायला हवं होतं तसंच. टाचा गादीला टेकू नयेत म्हणून प्रत्येकाच्या पोटरीखाली चादरीची घडी. त्यात पाटसचे एक काका होते, वजन नव्वदच्या वर. त्यांना हलवायला आम्हा दोघांना दम लागायचा. तेही पाठीवर, चादरीला एक सुरकुती नाही. मी एकेकाला वळवून बघितलं. उजव्या बाजूला टेकल्याचा फिकट वळ होता. म्हणजे मधली कूसही खरंच झाली होती.

दाराजवळच्या कॉटवर निमोण्याचे आप्पा बसले होते. मांडीचं हाड मोडलेलं, पण डोकं अगदी शाबूत. दहाच दिवसांपूर्वी आले होते.

"आप्पा, इथं कोण आलं होतं?"

"कोन म्हंजी? ती मावशी आली व्हती की. दोनदा आली."

"कोणती मावशी?"

"मला काय नाव ठावं? हिरवं पातळ, जरा पाय वढत चालती. लई हळू हाताची बाई हाय. हात लावायच्या आदी परतेकाला इचारती, 'राजा, कूस बदलू का?' त्यांना बोलता येत न्हाई, तरी इचारती."

मी तिथल्याच खुर्चीत बसले. आमच्याकडे मावशींना निळा एप्रन असतो. हिरव्या साड्या सुमनमावशींच्या वेळी होत्या, नंतर बंद झाल्या. आणि 'राजा' म्हणून विचारणं... ते दुसरं कुणीच करत नाही. मीसुद्धा नाही. घाईत राहूनच जातं.

तुम्ही म्हणाल, कॅमेरा बघायचा. कॉरिडॉरमध्ये कॅमेरा आहे. पण तो बघायचा तर मॅनेजरला सांगावं लागलं असतं की मी पावणेतीन तास झोपले होते. नोकरी गेली असती. मी गप्प राहिले आणि तक्त्यावर दोनच्या आणि चारच्या चौकटीत माझीच सही केली.

रविवारी सुट्टी होती. दौंडला गेले.

मावशींच्या सुनेनं दार उघडलं. "या ताई. लई दिसांनी आलात." पाणी दिलं, चहाला आधण ठेवलं आणि आपणहूनच सांगायला लागली. "मंगळवारी तर आमी घाबरलोच व्हतो. दुपारी आत्याबाई घामानं नुसत्या भिजल्या. डावा हात चादर वढतोय, सोडतोय, पुन्यांदा वढतोय... जणू काय जड उचलत्यात. हाका मारल्या तर आमच्याकडं बघायलाच तयार न्हाईत."

"किती वाजता?"

"दोनच्या सुमाराला एकदा. मग जरा निपचित पडल्या. चारला परत सुरू. त्यानंतर झोपल्या त्या पार दुसऱ्या दिशी उठल्या."

माझ्या हातातला पेला मी खाली ठेवला.

आत मावशी भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. वर तसबिरीत बाबासाहेब, शेजारी बुद्धाची छोटी मूर्ती. वाळून काडी झाल्या होत्या. मी पांघरूण बाजूला केलं आणि सवयीनं कमरेखाली बघितलं. जखम झाली होती. हाताच्या तळव्याएवढी.

सुनेचा दोष नव्हता. तिला कुणी शिकवलंच नव्हतं. दवाखान्यातून सोडताना गोळ्यांचा कागद दिला, बाकी काही सांगितलं नाही. पण मी शिकवू शकले असते. आठ महिने दीड तासाच्या अंतरावर होते मी.

जखम धुतली. सुनेला जवळ उभं करून सगळं दाखवलं, तिच्याकडूनही करून घेतलं. मग ती चहा गाळायला गेली तेव्हा वाकून हळूच विचारलं, "मावशी, मंगळवारी तुम्ही आला होता का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग डोळे मिटून घेतले... डबल ड्युटी संपवून घरी आलेलं माणूस मिटतं ना, तसे.

जखम भरायला पाच महिने लागले. मी रविवारी जात राहिले. पावसाळ्यात मावशी गेल्या, झोपेतच.

आप्पा काठी घेऊन घरी गेले. जाताना म्हणाले, "त्या मावशीला रामराम सांगा." मी हो म्हटलं. त्या दुपारी नेमकं काय झालं, हे कुणाला ठाऊक असेल तर सांगा. नसेल तरी चालेल.