पुतण्याचा स्वेटर

वरकुट्याचे तात्या बारामतीच्या बाजारात वांगी विकायला बसत. ऐन मे महिन्यातही त्यांच्या अंगात लष्कराचा हिरवा लोकरी स्वेटर असे. “तात्या, उकडत न्हाय का?” असं कुणी विचारायचाच अवकाश. “पुतण्याचा हाय. पायदळात हाय त्यो,” असं म्हणून ते सुरू होत. तराजू तसाच हातात राही आणि गिऱ्हाईक ताटकळे.

पुढे सीमेवर, बर्फात लढाई पेटली. त्या बाजारी तात्या नुसत्या बंडीवर आले. स्वेटर घडी करून शेजारच्या पोत्यावर ठेवला होता.

“आज घातला नाही?” मी विचारलं.

“पोरगं गारठ्यात हाय. मला ऊब सोसंना.”

त्यांनी माझी वांगी तोलली. तेवढ्यात झाडाची सावली स्वेटरवर आली. तात्या उठले आणि त्यांनी पोतं पुन्हा उन्हात सरकवलं.