वच्छलाचं बोट

अशा गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. कोणी भुताखेताचं सांगायला लागलं की मी उठून चहा टाकायला जातो. त्यामुळे हे लिहिताना माझाच मला वैताग येतोय... पण तेवीस वर्षं गप्प बसलो, आता पुरे.

महाराष्ट्र राज्य होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. मी मुंबईत श्रवणशास्त्रात पीएच.डी. करत होतो. विषय — खेड्यातल्या मुलांचं ऐकणं. मूळचा मेहकरचा, म्हणून सरांनी बुलढाणा जिल्हाच गळ्यात घातला. सेलवर चालणारं ऑडिओमीटर, म्हणजे कान तपासायचं यंत्र, मांडीवर घेऊन एसटीत धूळ खायची, आणि गावोगावी तेच — "साहेब, रेडिओ लावा ना!"

धामणगाव बढे हे शेवटचं गाव. रविवारची दुपार, शाळेची रिकामी खोली. यादीतलं शेवटचं नाव वच्छला, वय चौदा, जन्मापासून बहिरी. तिच्या आईला, गिरजाबाईला, माझ्या सहीचा तसा कागद हवा होता. तो दाखवला तरच मुलीला बहिऱ्यांच्या निवासी शाळेत घेणार होते, आणि वयाच्या हिशेबाने तिचं ते शेवटचंच वर्ष.

तपासणी सोपी असते. मुलगी पाठमोरी, कानावर हेडफोन. मी बटण दाबलं की कानात शिट्टी. ऐकू येईल तोवर बोट वर, थांबली की खाली. मी हातवारे करून शिकवलं.

बटण दाबलं — बोट वर. आवाज कमी केला — बोट वर. मलाही जेमतेम ऐकू येईल इतका बारीक केला — तरी वर! माझं डोकंच फिरलं.

"गिरजाबाई, हिला तर माझ्यापेक्षा चांगलं ऐकू येतं."

"काऊन थट्टा करता साहेब? मांगून थाळी बडवली तरी वळत नाई ते."

"मग काय मशीन खोटं बोलतं?"

"ते तुमच्या मशीनले इचारा. माही पोरगी मले ठाऊक हाये."

मी 'श्रवण सामान्य' लिहिलं, सही ठोकली, कागद तिच्या हातात दिला. यंत्र आवरायला घेतलं... आणि दिसलं, हेडफोनची पिन बाहेरच लोंबतेय. जेवणाआधी मीच काढली होती, परत लावलीच नव्हती. वच्छलाच्या कानात काहीही गेलं नव्हतं.

तिला पुन्हा बसवलं. पिन बाहेरच. बटण — बोट वर. बटणाचा हादरा लागत असेल म्हणून हात मांडीवर ठेवले आणि नुसतं मनात म्हटलं, आता दाबतो. बोट वर. विचार सोडला — खाली. आई माझ्या पाठीमागे, दारात. खूण करायलाही समोर कोणी नव्हतं.

तो कागद तेव्हाच फाडायला हवा होता. पण पिन लावायची राहिली हे सरांना कळलं असतं, तर आधीच्या सगळ्या नोंदींवर शंका आली असती, प्रबंध लांबला असता. मी पेटी बंद केली आणि एसटी गाठली.

शाळेने कागद वाचून तिला परत पाठवलं. गिरजाबाई मला शोधत थेट मेहकरला घरी आली. "येवढा कागद बदला साहेब. आता तिचा बापच तिले ढोंगी म्हणते." मी म्हणालो, "तपासणी झालेली आहे." तिला पाणीसुद्धा विचारलं नाही.

पुढे माझ्या नावामागे डॉक्टर लागलं.

मागच्या हिवाळ्यात धामणगावला गेलो. गिरजाबाई आता नाही. वच्छला भावाच्या मळ्यात पाठमोरी बसून मेथी उपटत होती. भाऊ म्हणाला, "आवाज देऊन फायदा नाई. हात लावा लागते तिले." मी बांधावर थांबून शब्द जुळवत होतो, मनातच — चूक माझी होती, पिन मी काढली होती...

वच्छलाने मान वळवली नाही. जुडी डाव्या हातात घेतली आणि उजव्या हाताचं बोट वर केलं.

ऐकू येणं थांबलं की बोट खाली घ्यायचं, हे मीच तिला शिकवलं होतं. मी बांधावर होतो तोवर ते खाली आलं नाही.